संपादकाची खुशी

“मग तुमचं वर्तमानपत्र हवं कशाला, रब्बी? उपासाच्या तारखा नि बारशाच्या बातम्या छापायला?”

सिपोरानं आपला लेख पुन्हा त्यांच्यापुढे आपटला.

रब्बी झकरया येमेनहून बोटीनं मुंबईला उतरले तेव्हा त्यांना मराठीचा म सुद्धा येत नव्हता. आता ते मांडवीच्या बेने इस्राएल यहुद्यांचं मराठी साप्ताहिक चालवत आणि सगळ्या मोहल्ल्याच्या मराठीतल्या चुका काढत. पोरींना धर्मशास्त्र शिकवू नये, असं सिनेगॉगचे पंच म्हणत. रब्बींनी सिपोराला शिकवलं. बी.ए. झालेली, जिभेला धार असलेली ही पोर त्यांची सगळ्यांत लाडकी शिष्या, आणि सगळ्यांत मोठी डोकेदुखी.

लेख तिच्या थोरल्या बहिणीवर होता. रिवकाला टाकून शिमशोननं भायखळ्याला दुसरा संसार थाटला होता, पण सोडचिठ्ठी काही देत नव्हता. ती त्यानं दिल्याशिवाय रिवकाला दुसरं लग्न करता येत नव्हतं. आणि हा शिमशोन दर शनिवारी सिनेगॉगमध्ये ऐटीत पुढं बसे. का नाही बसणार? त्याचा बाप सिनेगॉगचा मुकादम, सगळ्या पंचांचा म्होरक्या. छापखान्याची ही खोलीसुद्धा बापाचीच.

“नाव छापून आलं की झक मारत देईल,” सिपोरा म्हणाली.

“झक मारत दिलेली चालत नाही. नवऱ्यानं स्वखुशीनं दिली तरच ती सोडचिठ्ठी. शास्त्र आहे.”

“शास्त्र तिथंच संपत नाही. पुढचं तुम्हीच शिकवलंत. द्यायलाच हवी असताना जो देत नाही, त्याला न्यायसभेनं काठीनं मारावं. ‘माझी खुशी आहे’ असं तो म्हणेपर्यंत मारावं. म्हणाला, की झाली स्वखुशी.”

“हं... पाठांतर चांगलं आहे.”

“हसू नका. या मोहल्ल्यात दुसरी काठी आहे कुठं? तुमचा पेपर हीच काठी.”

“पेपर छापायला संपादकाची खुशी लागते.”

“आणि ती नाही?”

“...नाही. ही खोली जाईल. या वयात पुन्हा बोटीत बसायचं बळ माझ्यात नाही.”

“सरळ सांगा ना, भ्यालात!”

“भ्यालो.”

सिपोराला वाटलं होतं, ते वाद घालतील. वादाची सगळी तयारी ती करून आली होती. या एका शब्दाचं काय करायचं, ते तिला कळेना.

रब्बी उठले. कोपऱ्यातली आपली काठी त्यांनी आणली आणि तिच्या हातात दिली. मग अंगातला कोट उतरवून खुर्चीवर ठेवला आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

“मार.”

“काय?”

“छापायलाच हवं असताना मी छापत नाही. मार. ‘माझी खुशी आहे’ म्हणेपर्यंत मार.”

ती हसली. मग हसू ओठांवरच वाळलं. म्हातारा थट्टा करत नव्हता.

सदऱ्याखाली पाठीची हाडं दिसत होती.

तिनं काठी उगारली. रिवका अजून त्या माणसाच्या नावाची पोत गळ्यात घालते, हे तिला आठवलं. हात आणखी वर गेला...

“मार ना, पोरी,” रब्बी भिंतीकडे बघत म्हणाले. त्यांच्या आवाजात विनवणी होती. “मी कच्चा माणूस आहे. फार मारावं लागणार नाही.”

हात वरच राहिला. दुखू लागला. मग सावकाश खाली आला, आणि काठी फरशीवर टेकली.

“का थांबलीस?”

“तुम्ही माझे रब्बी आहात!” ती संतापानं रडत होती. “तुमच्यावर हात कसा टाकू?”

रब्बी वळले. त्यांनी कोट घातला, एकेक करून सगळी बटणं लावली. टेबलावरचा तिचा लेख उचलला, नीट घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला.

“...आणि तो मुकादमाचा मुलगा.”