बैठकीखालचा रंग

"रंग आमच्या आजोबांच्या काळचाच हवा! एक छटा इकडे नको, एक छटा तिकडे नको!" राजा मानाजीरावांनी मांडीवर थाप मारून फर्मावलं आणि देवखाडीतल्या झाडून साऱ्या ठेकेदारांची पाचावर धारण बसली.

रंगवायचा होता राजवाड्याचा लाकडी सज्जा. खाडीच्या पाण्यावर काढलेला हा ऐसपैस सज्जा आजोबामहाराजांनी बांधला, तेव्हा त्याच्या फळ्यांना तेलात कालवलेला रंग पाजला होता. पुढे ऊन आणि खारा वारा खाऊन फळ्या राखेसारख्या करड्या पडल्या. मूळ रंग पाहिलेलं माणूस राज्यात एकही उरलं नव्हतं. खुद्द महाराजांनीही तो पाहिला नव्हता. पण हट्ट धरायला पाहिलेलं असावंच लागतं असं थोडंच आहे!

पहिला ठेकेदार 'उद्या नक्की येतो' असं पंधरवडाभर सांगून एकदाचा उगवला. कमरेवर हात ठेवून त्याने फळ्यांकडे पाहिलं, तोंडाने चुकचुक केली आणि सगळे ठेकेदार जे विचारतात तेच विचारलं, "आधी कुणी केलं होतं हो हे काम? पार वाट लावलीय!"

"आमच्या आजोबांनी करवून घेतलं होतं," महाराज म्हणाले.

ठेकेदाराची रवानगी थेट कोठडीत झाली.

दुसऱ्याच्या कानावर हे आलेलंच होतं. तो शिरल्या शिरल्या हात जोडून म्हणाला, "वा! काय काम आहे! याला आता हात लावणंसुद्धा पाप!"

"मग आलात कशाला?" महाराजांनी विचारलं आणि त्यालाही पहिल्याच्या शेजारी जागा दिली.

तिसरा लवू मेस्त्री. सरळ माणूस, आणि दरबारात सरळ माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं. "रंग कालवतो, महाराज, पण आधी नमुना दाखवा," तो म्हणाला.

"नमुना? आमचा शब्द पुरत नाही तुला?"

झालं! लवूही आत गेला. तिघांचे कुंचले आणि तेलाचे बुधले जप्त झाले. इकडे दर्याला जायचे दिवस तोंडावर आलेले, किनाऱ्यावर होड्या तेलावाचून कोरड्या पडलेल्या, आणि त्यांना तेल पाजणारे हात राजवाड्याच्या कोठडीत माश्या मारत बसलेले. पण राज्य रंगाच्या चिंतेत असताना मासळीची काळजी कोण करणार?

ती केली लवूच्या मुलीने, आवडीने. भाकरी आणि सुकट घेऊन ती कोठडीशी गेली. बाप गजांमागून म्हणाला, "माझं काय चुकलं गं, बाय?"

"नमुना मागितलात, हेच चुकलं. मोठ्या माणसाकडे मागायचा नसतो, बाबा. त्याला दाखवायचा असतो."

"पण आणायचा कुठून?"

ते आवडीलाही ठाऊक नव्हतं. परतताना सज्ज्यावरून जायची वाट होती. सगुणा झाडूवाली तिथे केर काढत होती आणि महाराज नेहमीप्रमाणे आपल्या बैठकीवर बसले होते. बैठक म्हणजे शिसवी लाकडाची जाडजूड पेटीच, चारी बाजूंनी बंद. सगुणाची केरसुणी बैठकीपर्यंत आली, तिला अदबीने वळसा घातला आणि पुढे गेली.

"तिच्याखाली झाडत नाहीस कधी?" आवडीने हळूच विचारलं.

"आजोबामहाराजांनी ठेवल्यापासून जागची हललेली नाही ती! आणि महाराजांना उठा म्हणायचं कुणी? तू म्हणतेस?"

आवडी जागच्या जागी थांबली. मग पदर खोचून सरळ महाराजांपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, आजोबांच्या काळच्या रंगाचा नमुना सापडला! पण तो एका माणसाने अडवून धरलाय. जागचा हलेल तर शपथ!"

"कोण तो उर्मट?" महाराज गरजले. "आत्ताच्या आत्ता उठवतो त्याला!"

"मोठा माणूस आहे हो. उठायची सवय नाही त्याला."

"कितीही मोठा असो! आमचा शब्द आहे. उठवणार म्हणजे उठवणार!"

"मग उठा, महाराज."

महाराजांच्या बाजूला उभ्या असलेल्या दिवाणजींनी डोळे गच्च मिटले. सगुणाच्या हातून केरसुणी पडली. महाराज लालबुंद झाले. पण शब्द चारचौघांत दिलेला! ते उठले. पहारेकऱ्यांनी कण्हतकुथत बैठक सरकवली, आणि राखेसारख्या फळ्यांच्या मधोमध एक चौकोन उघडा पडला, वाळल्या आमसुलासारखा गडद, तुकतुकीत.

"घ्या! एक छटा इकडे नाही, एक छटा तिकडे नाही!" आवडी म्हणाली.

महाराज वाकून बघतच राहिले. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही याच्यावरच बसलो होतो?"

"बसला होतात म्हणूनच तो टिकला. राज्यातली एवढी तरी जागा महाराजांनी जातीने सांभाळली!"

महाराजांच्या मिशीला कंप सुटला, पण त्यांनी तो आवरला. "सोडा त्या तिघांना! कुंचले परत करा! उद्या काम सुरू. मात्र संध्याकाळी आम्ही इथेच बसणार!"

"नाही जमायचं. तेल वाळेपर्यंत चार दिवस इथे कुणीही बसायचं नाही."

"चार दिवस? मग आम्ही काय उभं राहायचं?"

"त्यात काय एवढं, महाराज? तुमच्यापुढे आम्ही सगळे जन्मभर उभेच आहोत!"

 मग महाराज असे हसले, असे हसले की कठड्यावरचे बगळे उडाले. दिवाणजींनी आधी महाराजांकडे नीट पाहून खात्री करून घेतली आणि मगच तेही हसले.

"या पोरीला बसायला पाट आणा!" महाराज डोळे पुशीत म्हणाले. "सज्ज्याचा ठेका आजपासून हिच्या घरी. आणि यापुढे इथे जो कुणी काम घेऊन येईल, त्याला आधी बसायला द्यायचं!"

पाट आला. आवडी ऐटीत बसली. तेवढ्यात कोठडीतून सुटलेला पहिला ठेकेदार सज्ज्यावर आला, फळ्यांकडे बघून सवयीने चुकचुकला आणि म्हणाला, "आधी कुणी केलं होतं हो हे—"

त्याच्यामागोमाग सुटून आलेल्या लवू मेस्त्रीने धावत जाऊन त्याचं तोंड दाबलं, आणि उभ्या उभ्या हसणाऱ्या महाराजांना कठड्याचा आधार घ्यावा लागला.