प्रार्थनेची बेगमी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. राज्य कोणत्या राजाचं होतं ते मला विचारू नका. आपल्या राज्यात असं एक गाव आहे याची त्या राजालाच खबर नव्हती, मग गावाने तरी राजाची चौकशी कशाला करावी?

गाव होतं डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्यापलीकडे. तिथला पाऊस म्हणजे पाऊस! एकदा मुक्कामाला आला की चार महिने हलायचं नाव नाही. ओढा भरला की बाजार बंद, पाहुणेरावळे बंद, सगळंच बंद. म्हणून त्या गावाचं सगळं शहाणपण एका शब्दात मावायचं, तो शब्द म्हणजे बेगमी. उन्हाळा तापला की अंगणात, छपरावर, खडकावर, जिथे म्हणून ऊन पडेल तिथे बायका कुरडया घालत, पापड वाळवत, आमसुलं पसरत. 'उन्हात निजला तो पावसात उपाशी', अशी तिथली म्हणच होती.

गाव ख्रिस्ती. प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीचे उपासाचे दिवस नेमके याच वाळवणाच्या सुमाराला यायचे. झालं! बेगमीची सवय लागलेली माणसं ती, त्यांनी प्रार्थनेचीही बेगमीच मांडली. उपासाचे चाळीस दिवस गाव नुसतं स्तोत्रांनी दुमदुमायचं. मग सण व्हायचा, गोडधोड व्हायचं, आणि पवित्र शास्त्राचं पुस्तक फडक्यात गुंडाळून फळीवर जायचं ते पुढच्या उपासापर्यंत. कुणी विचारलंच तर म्हणत, "केलंय की भरपूर! वर्षभर पुरेल."

या गावात सलोमी नावाची एक सून होती. बेगमीत तिचा हात कुणी धरू शकत नसे. तिच्या कुरडया जाळीसारख्या, पापड असे की पलीकडचा दिवा दिसावा. आणि उपासातही तीच पहिली. पहाटे उठायची, घरामागच्या कोठीच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. प्रभूने सांगितलंच आहे ना, खोलीत जा, दार लाव आणि आपल्या पित्याशी बोल. सलोमीने ते शब्दशः धरलं होतं.

आता तिच्या मनातलं सांगतो. ते गावाला ठाऊक नव्हतं.

लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षी ती जेमतेम साडी सावरण्याइतकी मोठी होती. माहेर डोंगरापलीकडे, आई तर त्याहूनही पलीकडे गेलेली. उपासाचे दिवस होते. कोठीत दार लावून ती प्रार्थनेला बसली आणि शब्दाऐवजी रडूच आलं. "देवा, मला इथे कुणी नाही रे," एवढंच म्हणाली. आणि त्या अंधाऱ्या खोलीत तिला वाटलं, कुणीतरी आहे. अगदी शेजारी, एकाच चटईवर बसल्यासारखं. बोललं काही नाही, दिसलं काही नाही. पण ती उठली तेव्हा एकटी नव्हती.

तेवढंच. पण त्या तेवढ्यासाठी तिचा जीव पुढे वर्षानुवर्षं तळमळत राहिला.

उपासात कधीकधी ते पुन्हा लाभायचं. एखाद्या पहाटे, थोडा वेळ. मग सण यायचा, वाळवण आवरायचं, आणि पापडांची मडकी, कुरडयांच्या पाट्या, धान्याच्या कणग्या सगळं त्या कोठीत जाऊन बसायचं. जमिनीपासून आढ्यापर्यंत! सलोमीला तिथे गुडघे टेकायला जागा उरायची नाही. तिला त्यात काही वावगंही वाटायचं नाही. बेगमी झाली होती ना? आतली आणि बाहेरची, दोन्ही.

पण श्रावण सरता सरता आतली बेगमी संपून जायची. दळण दळताना, पाणी भरताना तिचा हात मध्येच थांबायचा. "कुठे गेलास रे?" ती पुटपुटायची. उपासात केलेल्या प्रार्थना आठवून आठवून म्हणायची. शब्द तेच, क्रम तोच, पण घशाखाली काही उतरायचं नाही. तहानलेली हरिणी पाण्यासाठी लुलपते ते स्तोत्र तिला तोंडपाठ होतं. म्हणता म्हणता तिला वाटायचं, हरिणीला निदान पाणी कुठे आहे ते तरी माहीत असतं.

मग ती स्वतःलाच दोष द्यायची. 'मी कमी पडले. साठा थोडा झाला. पुढल्या वर्षी जास्त करीन.'

आणि करायची हो! एका वर्षी मीठ सोडलं. पुढल्या वर्षी अंथरूण सोडलं. त्याच्या पुढल्या वर्षी दिवसभर मौन धरलं, तेव्हा घरच्यांची जी तारांबळ उडाली ती विचारू नका. गाव म्हणायचं, "बाई असावी तर अशी!" फक्त तिचा नवरा एकदा जेवता जेवता म्हणाला, "उपासात तू देवाची असतेस सलोमी, आम्ही तोंडातून ब्र काढत नाही. पण उपास सरला की तू ना देवाची असतेस, ना आमची. तू असतेस तरी कुठे?"

सलोमीला तरी कुठे माहीत होतं?

त्या वर्षी ऐन पावसात हन्नाआजी आजारी पडली. हन्नाआजी म्हणजे गावाची सुईण. अर्धं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं. जीभ तिखट, मन लोण्याचं. नव्या सुनांना प्रभूची प्रार्थना शिकवायची तीही हीच, आणि चुकलं तर कान पिळायचीही हीच. तिचा सांगावा आला, "सलोमीला म्हणावं, ये, माझ्यासाठी प्रार्थना कर. माझं काही खरं नाही आता."

सलोमी इरलं घेऊन चिखल तुडवत गेली. आजी पार वाळून गेली होती. भोवती शेजारणी बसलेल्या. सलोमीने डोळे मिटले आणि उपासातली आपली सगळ्यात सुंदर प्रार्थना काढली. काय ते शब्द! काय ती ओळींमागून ओळींची आरास! शेजारणींनी पदर डोळ्याला लावले. "आमेन," सगळ्या म्हणाल्या.

हन्नाआजी मात्र काही म्हणाली नाही. तिने हाताने शेजारणींना बाहेर जायला खुणावलं. त्या गेल्यावर म्हणाली, "सुरेख गं. पण सलोमे, ही चैत्रातली आहे. आजची काही नाही का?"

सलोमीने पुन्हा डोळे मिटले. शोधलं, चाचपलं. आत काहीच नव्हतं.

"नाही आजी," ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. "आजचं काही नाही माझ्यापाशी. कितीही साठवलं तरी उरत नाही. तो मला सोडून गेलाय आजी. मला तो हवा आहे हो, आणि तो कुठेच नाही."

आजीने तिला रडू दिलं. मग विचारलं, "आज नवऱ्याला काय वाढलंस?"

"भाकरी."

"कधीची? उपासातली?"

"काहीतरीच काय आजी! उपासातली भाकरी आजवर राहील का?"

"का? कुरडई राहते, पापड राहतो."

"भाकरीचं तसं नसतं. ती रोज थापावी लागते."

"अगं मग प्रभूने आपल्याला मागायला काय शिकवलं? म्हण बघू."

"आमची रोजची भाकर आज आम्हास दे..." सलोमी म्हणाली आणि थबकली.

"भाकर म्हणाला ना? 'वर्षाची कुरडई एकदाच दे' असं नाही ना म्हणाला?" आजीला बोलता बोलता खोकला आला, पण डोळ्यांत हसू होतं. "रानात देव रोज आकाशातून मान्ना पाडायचा, खायला. आपल्या पूर्वजांनी तो उद्यासाठी ठेवला. काय झालं त्याचं?"

"किडे पडले."

"पडणारच. देव काय मडक्यात घालून झाकण लावायची वस्तू आहे?"

सलोमी हळूच म्हणाली, "पण आजी, मी अगदी रिती आहे. रितीच कशी जाऊ त्याच्यापुढे?"

"अगो, जेवायला बोलावलेला माणूस पोट भरून येतो का? ही तळमळ आहे ना तुझी, ही त्याने टाकलं म्हणून नाही. ही भूक आहे. मी एवढी पोरं या हाताने जगात आणली, भुकेने रडणाऱ्या पोराची मला कधी भीती वाटली नाही. गप्प राहणाऱ्या पोराची वाटायची." आजीने तिचा हात धरला. "आता कर प्रार्थना. आजची. दोन शब्द चालतील."

सलोमी तुटक तुटक म्हणाली, "प्रभू, आजी जाऊ नये असं मला वाटतं. तिला दुखू नये. आणि मला तू हवा आहेस. पुढे काही सुचत नाही."

"आमेन," हन्नाआजी म्हणाली. "ही ताजी." आणि तिने समाधानाने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सलोमीने भर पावसात कोठी उपसायला काढली. मडकी माळ्यावर, पाट्या ओसरीवर, कणग्या ढकलून एका भिंतीला. शेजारणींनी तोंडात बोटं घातली. "अगो, पापड सादळतील! वर्षाची मेहनत मातीत घालतेस का?" आणि सादळलेच. ओसरीवरच्या कुरडयांना बुरशीही आली. सलोमीने त्या मुकाट्याने गाईपुढे टाकल्या. तिला वाईट वाटलं नाही असं नाही, चांगलंच वाईट वाटलं. पण कोठीत एका माणसापुरती जागा झाली होती.

तिथे ती रोज बसू लागली. चूल पेटवण्याआधी, थोडा वेळ. शास्त्रातल्या चार ओळी वाचायची, दोन शब्द बोलायची, कधी तेही नाही. पहिल्या वर्षीसारखं काही घडलं? छे! काही म्हणजे काही नाही. कितीतरी सकाळी तिला वाटलं, आपण भिंतीशीच बोलतोय. एके दिवशी आळस आला, एके दिवशी सासूशी भांडून आली आणि अर्धा वेळ सासूचीच गाऱ्हाणी सांगत बसली. तरी दुसऱ्या दिवशी परत बसली. भूक लागायची आणि ती जायची, एवढंच. "कुठे गेलास रे?" हे मात्र आता ती दळताना म्हणत नव्हती, त्याच्याच समोर बसून म्हणत होती.

पाऊस ओसरायच्या आत हन्नाआजी गेली. ओढा दुथडी भरलेला, पलीकडून पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, येता येईना. माणसं कबरीभोवती उभी, डोक्यावरून पाणी निथळतंय, आणि प्रार्थना कोण करणार? एकमेकांकडे बघत सगळे उभे. ज्यांनी वर्षाची प्रार्थना उपासातच उरकली होती, त्यांच्यापाशी त्या घटकेला एक शब्द नव्हता. एक म्हातारबुवा पुढे झाले, दोनदा खाकरले आणि मागे सरले.

मग सलोमी पुढे आली. कुणी सांगितलं नव्हतं. तिचा आवाज फुटला होता, ओळी जुळत नव्हत्या. "प्रभू, ही आमची आजी. हिने आम्हाला पहिल्यांदा हातात घेतलं. आता तू हिला घे. आणि आज आम्हाला फार एकटं वाटतंय, आमच्यापाशी थांब." बस, एवढंच. पण त्या एवढ्याशा प्रार्थनेने सारं गाव गदगदून रडलं आणि रडून शांत झालं.

लोक घरोघर गेले. सलोमी मागे राहिली, मग एकटीच निघाली. वाटेवर आजीची आठवण येऊन तिला भडभडून येत होतं आणि ती बोलत होती. आजीला खोकल्यावर काढा कसा लागायचा, तिने कान कसा पिळला होता, आता नव्या सुनांना कोण शिकवणार, असं काहीबाही. ओढ्याच्या वळणापर्यंत ती बोलतच होती, आणि तिथे ती अचानक उभी राहिली. आपण इतका वेळ कुणाशी बोलतोय?

आणि तिच्या ध्यानात आलं, की तो जवळ आहे की नाही, हे तिने कितीतरी दिवसांत चाचपून पाहिलंच नव्हतं.

मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: बेगमी धान्याची करावी, भक्तीची नव्हे, देवाची भूक रोज लागते आणि ती रोजच त्याच्यापाशी न्यावी लागते.