कडी न लावलेले दार

भक्तजनहो, त्या साली नाताळापूर्वीचा आगमनकाळ तीमथ्य महाराजांनी गोदाकाठच्या शेवरवाडीत काढला. प्रभूच्या येण्याची वाट पाहण्याचा हा काळ. पहिल्याच रविवारी महाराज म्हणाले, "पाहुणा कधी येईल, सांगता येत नाही. नाताळापर्यंत दाराला कडी लावू नका."

लोकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन कड्या लावल्या! ऐकले ते एकट्या सलोमीबाईने. केरसुण्या बांधून पोट भरणारी ही विधवा. तिच्या झोपडीचे दार नुसते लोटलेले असे. आठवडाभरातच लांडगा आत शिरला आणि तिची एकुलती एक शेळी घेऊन गेला.

गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच आमोसराव चारचौघांत म्हणाले, "काय सलोमे, पाहुणा आला म्हणं! शेपटीवाला!" सगळे खो खो हसले.

सलोमी रडतच महाराजांकडे गेली. "महाराज, आता तरी कडी लावू का? आशा धरून धरून जीव दमला."

महाराजांच्या डोळ्यांत लहान मुलाचे कुतूहल होते. ते म्हणाले, "बाई, कोण येणार ते मलाही ठाऊक नाही. पण पाहावंसं वाटतं खरं! उद्याचा दिवस थांबशील?"

"थांबते," डोळे पुसत सलोमी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे असे धुके पडले की हाताला हात दिसेना. आमोसरावांची आंधळी आई, हन्नाबाई, अंगणात गेली आणि गड्याने मालकाच्या शिस्तीप्रमाणे आतून कडी लावली. म्हातारीच्या हाका कोणालाच ऐकू आल्या नाहीत. उजाडल्यावर शोधाशोध झाली, तेव्हा कठडा नसलेल्या विहिरीजवळ तिची काठी सापडली. माणसांनी पाण्यात गळ सोडले.

आमोसराव ऊर बडवत महाराजांकडे धावले. "महाराज, माझी आई गेली हो!"

"सगळी दारं पाहिलीत?" महाराजांनी विचारले.

एक दार आमोसरावांच्या मनातही आले नव्हते. सगळे तिकडे धावले.

सलोमीच्या झोपडीत हन्नाबाई गोधडी पांघरून चुलीपाशी चहा पीत बसली होती!

"आई, हितवर आलीस कशी?"

"आरं, लई दारं ठोठावली, समदी बंद. काठी बी पडली. मग कुणीतरी हात धरला. म्हनला, 'पुढं हीर हाय माय, हिकडून चल. एक दार उघडं हाय.' सुतार असंल बघ. तळहाताला केवढा व्रण लागत व्हता!"

शेवरवाडीत सुतार नव्हताच. प्रभू मात्र सुताराच्याच घरी वाढला होता!

"सलोमी, तू पाहिलंस त्याला?" महाराजांनी उत्सुकतेने विचारले.

"नाही महाराज. दार लोटल्याचा आवाज आला. वळून बघते तर आजी एकटीच."

महाराजांचे डोळे भरून आले. अहाहा, काय ते भाग्य! आमोसराव त्यांच्या पायांवर वाकू लागले, तसे महाराज बाजूला सरले. "मला नको. तो जिथवर आला, तिथं वाका."

पंचांनी सलोमीच्या उंबऱ्यावर डोके टेकले. "चुकलो गं बाई," ते म्हणाले. मग आईला धरून ते बाहेर पडले आणि सवयीने दार ओढून घेऊ लागले.

"असू द्या, पंच," सलोमी आतून म्हणाली. "नाताळ अजून यायचाय."