छातीतली शिट्टी

"...मग दोघांपैकी खरं औषध कोणाचं, भन्ते?"

धनपाल गोंडाणे सरांनी विहाराच्या ओसरीवर टेकता टेकताच हे विचारलं. धाप अजून उतरली नव्हती. विहार टेकाडावर होतं. चढण काही फार नव्हती, पण हल्ली सरांना तेवढीही भारी पडत होती.

भन्ते रेवत चीवराचा फाटलेला कोपरा शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणत्या दोघांपैकी?"

"एक आपल्या सरकारी दवाखान्यातले लांजेवार डॉक्टर. त्यांनी दम्याचे पंप दिले. एक रोज घ्यायचा, दुसरा धाप लागली तरच. आणि दुसऱ्या कापगते मॅडम, होमिओपॅथीच्या. त्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देतात."

"तुम्ही काय घेता?"

"मी दोन्हींचा अभ्यास करतोय."

भन्ते हसले. "अभ्यास करता ते समजलं. घेता काय?"

हायस्कुलात त्यांनी उभी हयात विज्ञान शिकवलं होतं. वीज कशी पडते, साप चावला तर काय करायचं, कोणतं पाणी उकळून प्यायचं... गाव विचारायचं आणि सर सांगायचे. विचारायची पाळी त्यांच्यावर फारशी आली नव्हती.

त्यांनी दोन्ही खिसे ओसरीवर रिकामे केले. डाव्या खिशातून गोळ्यांची बाटली निघाली, उजव्यातून पंप.

"वेगवेगळे ठेवतो. गोळ्यांना कशाचा वास लागलेला चालत नाही."

"म्हणजे खिशांची अजून ओळख करून दिली नाही?"

सरांना हसू आलं नाही.

"लांजेवार पोरगा वाईट नाही, भन्ते. पण बाहेर रांग असते. मी स्टुलावर बसेपर्यंत त्याची चिठ्ठी लिहून तयार. 'पंप घेता ना, काका?' संपलं. काका म्हणतो मला! याच्या बापाला मी शिकवलं आहे."

"आणि मॅडम?"

सरांचा आवाज उतरला.

"त्या विचारतात. झोप कशी लागते, आंबट आवडतं की खारट, आभाळ गडगडलं की भीती वाटते का, रडू कधी येतं... मंदा गेली, भन्ते, संसार अर्धा टाकून. सगळे भेटून गेले. रडू कधी येतं, हे मला कोणी विचारलं नव्हतं."

भन्तेंची सुई थांबली.

"गोळ्यांनी दम कमी झाला?"

"त्या म्हणतात, फरक आहे."

"त्या म्हणतात... आणि तुम्ही?"

खाली रस्त्यावरून धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर गेला. सर त्याच्याकडे बघत म्हणाले,

"मॅडमकडे जायचं असलं की निघताना मी पंप ओढून निघतो. धाप लागल्यावर घ्यायचा तो."

"काहून?"

"छाती मोकळी लागावी म्हणून. त्या नळी लावून डोळे मिटून ऐकतात, भन्ते. एकदा त्यांना शिट्टी ऐकू आली आणि चेहरा असा पडला त्यांचा... मला पाहवलं नाही."

"त्यांनी पंप सोडायला सांगितलं होतं?"

"छे! उलट बजावलं. तिकडचं काही बंद करायचं नाही, दोन्ही चालू ठेवा म्हणाल्या. मीच सांगून बसलो, तुमच्या गोळ्या लागू पडल्या, मी पंप सोडले. त्या रागावल्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचा नाही म्हणाल्या. पण रागावताना सुद्धा आतून खूश झाल्या होत्या. मला दिसलं ते." सरांनी चष्मा काढून पुसला. "मग घरी येऊन रोजचा पंप खरंच सोडला. खोटं किती दिवस बोलणार?"

"आणि लांजेवारांना काय सांगता?"

"रोज घेतो म्हणून सांगतो."

"गोळ्यांचं सांगितलं?"

"तो हसेल."

भन्तेंनी दोरा दातानं तोडला.

"मॅडमचे गोंडाणे गोळ्यांनी बरे झाले. डॉक्टरांचे गोंडाणे पंपानं बरे आहेत. दोघंही ठणठणीत."

"हसू नका, भन्ते." सर एकदम पुढे सरकले. "मला भीती वाटते. आधी खिशातला पंप महिनोन्महिने लागायचा नाही. आता तुळशीला पाणी घालून आलो तरी लागतो. झोपलो की छाती आवळते, उशा लावून बसून राहतो. पोरगी पुण्याहून फोन करते, तेव्हा फोन लांब धरून बोलतो. आणि उद्या मॅडमनी शिबिर ठेवलंय. मला लोकांपुढे उभं करणार आहेत. बघा म्हणे, आपले गोंडाणे सर! सकाळी पंप ओढूनही छाती मोकळी झाली नाही तर? लोकांपुढेच जीव कोंडला तर?"

भन्तेंनी सुई डबीत ठेवली.

"म्हणून म्हणतो, एकच सांगा. तुम्ही सांगाल ते धरतो. दुसरं आजपासून बंद."

"बरं," भन्ते म्हणाले. "आधी थोडा श्वास बघू. शिकवला होता ना तुम्हाला?"

सर मांडी घालून ताठ बसले. तपासणीला साहेब आल्यावर वर्गात बसवायचे पोरांना, तसे. डोळे मिटले.

श्वास आत... श्वास बाहेर...

आणि लगेच सरांच्या ध्यानात आलं, की नळी लावलेली नसली तरी भन्तेही ऐकत आहेत.

त्यांनी श्वास बारीक केला. गळ्यापाशीच घ्यायचा, तिथूनच सोडायचा. खाली छातीत जाऊच द्यायचा नाही. थोडा वेळ जमलं. मग कानशिलं गरम झाली. मानेच्या शिरा ताणल्या. आता भन्ते डोळे उघडतील, आता बस म्हणतील... भन्ते हलले नाहीत. पायाखाली पाणी वाढत जावं आणि आपल्याला हाक मारायची लाज वाटावी, तसं झालं.

शेवटी त्यांच्याच्यानं राहवलं नाही. तोंड उघडलं आणि श्वास आत ओढला गेला. त्या श्वासाबरोबर छातीतली शिट्टी अख्ख्या ओसरीभर वाजली.

"उदबत्तीच्या धुरानं होतं," सर घाईनं म्हणाले.

"उदबत्ती लावलीच नाही," भन्ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

पुन्हा शिट्टी वाजली. पुन्हा. आता ती थांबत नव्हती. सरांनी चाचपडत पंप उचलला आणि सवयीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

भन्ते उठले. चीवर मांडीवरून खाली घसरलं. त्यांनी सरांच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि हळूच, अंथरुणातल्या माणसाची कूस बदलावी तसं, त्यांना आपल्याकडे वळवलं.

"इकडे तोंड करून ओढा."

सरांनी पंप ओढला. भन्तेंच्या डोळ्यांदेखत. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही हात रिकामा नव्हता.

...

श्वास थोडा सुटला. पण पूर्वी सुटायचा तेवढा नाही. हे सरांना कळलं, आणि भन्तेंनाही कळलं.

"चला," भन्ते म्हणाले.

"कुठे?"

"दवाखाना उघडला असेल."

"आत्ता? भन्ते, उद्याचं शिबिर होऊ द्या, मग..."

भन्तेंनी ओसरीवरची बाटली उचलून पंपाशेजारी सरांच्या एकाच खिशात घातली आणि काठी घेतली. चढणीच्या पायथ्याशी ऑटो मिळाला. सर ऑटोबाहेर तोंड काढून हवा पीत होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात रांग होती, पण सरांची धाप पाहून पुढच्या बाईंनी आपण होऊन जागा दिली. "जा बाप्पा, तुम्ही जा आधी."

आतून लांजेवार डॉक्टरांचा आवाज आला. "कोण आहे? पाठवा लवकर."

सर दारापाशी थांबले. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. कॉलर नीट केली. पाठ सरळ केली आणि चेहऱ्यावर ते ठेवणीतलं हसू आणलं. श्वास पुन्हा गळ्यापाशी अडवला.

"एक मिनिट, भन्ते. जरा छाती शांत होऊ द्या. असं कसं जाऊ?... आणि तुम्ही अजून सांगितलंच नाही. खरं औषध कोणाचं?"

भन्ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. शेजारची जागा हातानं झटकली आणि म्हणाले,

"सर, तुम्ही इथं माझ्याजवळ बसा. त्या दमेकऱ्याला आत जाऊ द्या."