जनरलसाहेबांच्या कोटावरचं रक्त

"कोट लख्ख धुतला गेला पाहिजे, पण हा डाग जाता कामा नये!" जनरल टिंबर्ली साहेबांनी आपला पांढरा कोट ठमा परटिणीच्या अंगावर फेकला. "डाग तसूभर जरी उणा झाला, तर तुझं बिऱ्हाड छावणीबाहेर. मळ राहिला तरीही बाहेरच."

डाग साधासुधा नव्हता. ते लढाईत सांडलेलं आपलं रक्त आहे, असं साहेब सांगत. भाला लागला तरी आपण शत्रूला लोळवलं, असंही सांगत. साहेब कॅप्टन होते तेव्हा शत्रू तीन होते. कर्नल झाले तेव्हा तीस झाले. जनरल झाल्यापासून तर समोर अख्खी फौज आणि साहेब एकटे! वण कुणी पाहिला नव्हता, आणि दाखवा म्हणायची कुणाची छाती होती? त्या डागाच्या जोरावर साहेबांनी बढतीवर बढती उपटली. वीस वर्षं कोटाला पाणी लावू दिलं नाही. पण आज साहेबांच्या निरोपाची मेजवानी होती, गव्हर्नर येणार होते, आणि या वासाशेजारी मी बसणार नाही म्हणून मडम हटून बसली होती.

ठमाचा नवरा वारलेला. दोन लेकरं आणि म्हातारी सासू छावणीच्या धुण्यावरच जगत होती. घाटावर बसून तिला रडूच फुटलं. वीस वर्षांचा घाम भट्टीत उकळल्याशिवाय निघणार कसा? मग तिने डाग उन्हात धरून नीट पाहिला आणि डोळे पुसले. कोट तिने सरळ भट्टीत घातला.

संध्याकाळी साहेबांनी घडी उलगडली. कोट पांढराशुभ्र, आणि डागाचा मागमूस नाही.

"माझं रक्त कुठं गेलं?" साहेब गरजले. बाहेर गव्हर्नरांची बग्गी फाटकात शिरत होती.

"सायेब, रगताला कढत पानी लागलं की डाग पक्का बसतो. जखमी शिपायांची कापडं म्या लई धुतल्यात. तुमचा डाग ऱ्हावा म्हणूनच भट्टीत घातला."

"मग गेला कसा?"

"त्योच इचार करतीया. मेसच्या मेजावरच्या चादरींवर इलायती तांबडी दारू सांडती, तिचा डाग तेवढा भट्टीत निघून जातो."

मडम घाईघाईने खिडकीबाहेर पाहू लागली. साहेबांचे कान लाल झाले.

"अगं, पण डागाशिवाय मी गव्हर्नरांसमोर जाऊ कसा?" त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"तसं कशापायी जाता? खानसाम्याला बाटली आणाया सांगा, आत्ता पाडून देते. फकस्त येवढं बोला, व्हता तेवढाच पाडू, का आता जनरल झालासा म्हून जरा मोठा?"

 साहेब असे हसत सुटले की पोटावरचं बटण तुटून उडालं. हसत हसतच त्यांनी कागद ओढला, छावणीतलं घर आणि धुणं ठमाच्या नावे कायमचं लिहून दिलं आणि खाली सही ठोकली.

"मोठाच पाड," डोळे पुसत साहेब म्हणाले.