ठिणगीची पिल्लं आणि न सुटणारं बूच

एक होती उंदरीण. नाव तिचं ठिणगी. एवढीशी उंदरीण, एवढा मोठा राग!

सोपानमिस्त्रींच्या गॅरेजच्या अंगणात तिचं बीळ. बिळात तीन पिल्लं. गुलाबी गुलाबी.

ठिणगी गेली दाणा आणायला. परत येते तर काय? बिळाच्या तोंडावर मोटार! चाक बरोब्बर दारावर!

आतून आवाज आला. चीं चीं चीं!

ठिणगीने माती उकरली. खरर खरर. माती दगडासारखी. नखं दुखली.

ठिणगीला आला राग. शेपटी आपटली. फट् फट् फट्!

"मोटारे, मोटारे, हल! पिल्लं आत, मी बाहेर!"

मोटार म्हणाली, "माझ्या पोटात जुनं काळं तेल. पोटाखालचं बूच सुटेना, तेल निघेना. मी नाही हलत, जा!"

शेपटी आपटली. फट् फट् फट्! ठिणगी पळाली तुरुतुरु.

"बुचा, बुचा, सुट! मोटार हलेना, पिल्लं आत, मी बाहेर!"

बूच म्हणालं, "माझे कोपरे झिजले. झालं मी गोल गोल. पाना मला धरेना. मी नाही सुटत, जा!"

फट् फट् फट्! तुरुतुरु.

"पान्या, पान्या, धर! बूच सुटेना, मोटार हलेना, पिल्लं आत, मी बाहेर!"

पाना म्हणाला, "सटकन् सटकतो मी! छिन्नी खाच पाडेना. मी नाही धरत, जा!"

फट् फट् फट्! तुरुतुरु.

"छिन्ने, छिन्ने, खाच पाड! पाना धरेना, बूच सुटेना, मोटार हलेना, पिल्लं आत, मी बाहेर!"

छिन्नी म्हणाली, "हातोडा ठोकेना. मी नाही पाडत, जा!"

फट् फट् फट्! तुरुतुरु.

"हातोड्या, हातोड्या, ठोक! छिन्नी पाडेना, पाना धरेना, बूच सुटेना, मोटार हलेना, पिल्लं आत, मी बाहेर!"

हातोडा म्हणाला, "मिस्त्री उठेना. मी नाही ठोकत, जा!"

मिस्त्री बसले होते स्टुलावर. गाल फुगवून.

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, उठा! हातोडा ठोकेना, छिन्नी पाडेना, पाना धरेना, बूच सुटेना, मोटार हलेना, पिल्लं आत, मी बाहेर!"

मिस्त्री ओरडले, "पाना सटकला, माझं बोट सोललं! हौसा हळद लावेना. मी नाही उठत, जा!"

फट् फट् फट्! तुरुतुरु. हौसामामी दारात उभ्या. कपाळाला आठ्या.

"हौसामामी, हौसामामी, हळद लावा! मिस्त्री उठेना, हातोडा ठोकेना, छिन्नी पाडेना, पाना धरेना, बूच सुटेना, मोटार हलेना, पिल्लं आत, मी बाहेर!"

मामी म्हणाल्या, "यांनी रागाने पाना भिरकावला. माझ्या हंड्याला पोचा पडला! 'चुकलं' म्हणेनात. मी नाही लावत, जा!"

आता ठिणगी कुणाकडे गेली? सरळ मिस्त्रींच्या पायाकडे. अंगठा धरला. चावली कचकन!

"आई गं! चुकलं, चुकलं!"

"मला काय सांगता? मामीला सांगा!"

मोटारीखालून आवाज आला. चीं... बारीक. अगदी बारीक.

मिस्त्रींनी मान खाली घातली. "हौसा, चुकलं माझं. हंडा मीच नीट करून देतो."

मग मामींनी हळद लावली. मिस्त्री उठले. हातोड्याने ठोकलं, ठाण्! छिन्नीने खाच पाडली, खच्! पान्याने दात रोवले, कच्च! बूच फिरलं, कर्रर्र... सुटलं! काळं तेल घमेल्यात पडलं, भदभद भदभद. नवं बूच बसलं. नवं तेल गेलं, गटगट गटगट.

आणि मोटार? घुर्रर्र... हलली! चाक सरकलं. दार उघडलं.

ठिणगी आत घुसली, सुर्रर्र! एक पिल्लू, दोन पिल्लं, तीन पिल्लं!

आणि ठिणगीचा राग? तो अजून नाकाच्या शेंड्यावर. पिल्लं कुशीत शिरली. दूध प्यायली, चुटुचुटु चुटुचुटु.

तेव्हा कुठे उतरला.