खुडूक कोंबडीखालची तीन अंडी

पूर्वी चंपा नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेशीबाहेर कोंबड्या पाळणाऱ्या एका घरात जन्मले होते. तेव्हा त्यांचे नाव होते भद्रक. त्यांना रोहक नावाचा धाकटा भाऊ होता. वडील वारले, तेव्हा दोघांनी कोंबड्या निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या. अंगणे शेजारीशेजारी होती, मध्ये नुसते काटेरी कुंपण.

रोहक बाजाराला निघताना सर्वांत तगडी कोंबडी उचलून नेई. तिला गिऱ्हाईक लगेच मिळे. जी कुणी घेत नसे ती परत येई आणि तिचीच पिल्ले त्याच्या अंगणात वाढत. भद्रकांची रीत वेगळी होती. जी कोंबडी नेटाने अंड्यांवर बसे, घार दिसताच पिल्ले पंखाखाली घेई, तिच्या पायाला ते लाल दोरा बांधत. दोरा असलेल्या कोंबडीचीच अंडी उबवायची. बाकीची घरात खायची, लोकांना विकायची. कोंबडाही त्यांनी असाच पारखून ठेवला होता. तांबडा, उंच, आणि दाणा सापडला की आधी कोंबड्यांना बोलावणारा.

काही वर्षांत भद्रकांच्या कोंबड्यांचे नाव झाले. मुलीला सासरी पाठवताना लोक त्यांच्याच अंगणातली कोंबडी बरोबर देत. रोहकाला ते सोसेना.

"दादाच्या कोंबड्या सोनं खातात की काय?" तो बायकोला म्हणे.

"अहो, उकिरडा तर एकच आहे दोन्ही घरांना," मल्लिका म्हणे.

एका दुपारी भद्रक पाण्याला गेले असताना एक वाटसरू रोहकाच्या दारात आला. "तुम्ही भद्रकांचे भाऊ ना? मग त्यांचं घर कुठलं? कोंबडी घ्यायची होती."

रोहकाने बोटाने दाखवले. वाटसरू रिकामे घर पाहून निघून गेला. मग रोहक कुंपण ओलांडून गेला. तांबडा कोंबडा त्याला ओळखत होता, पळाला नाही. रोहकाने त्याची मान पिरगळली आणि त्याला काट्यांत फेकून दिले.

भद्रक परतले. मेलेला कोंबडा त्यांनी उचलून घेतला. मग कुंपणापाशी आले.

"मुंगसानं धरला असेल," रोहक म्हणाला.

"असेल," भद्रक म्हणाले. "रोहका, तुझा तो तांबडा तरणा कोंबडा जप. विकू नकोस." एवढे बोलून ते घरात गेले.

"माझ्या कोंबड्याशी ह्याला काय करायचंय?" रोहक फणफणला.

मल्लिकेने सूप खाली ठेवले. "आपली कोंबडी खुडूक झाली की भाऊजी दोरेवालीची तीन अंडी आणून द्यायचे, तिच्याखाली ठेवायला. म्हणायचे, रोहकाला सांगू नकोस, त्याला लागेल. हा कोंबडा त्यातलाच. ज्याला मुंगसानं धरलं ना, त्याचाच मुलगा."



दुसऱ्या दिवशी तोच वाटसरू त्याच्या दारात आला. "भद्रकांनी पाठवलंय. चांगलं वाण आता धाकट्याकडे आहे म्हणाले." त्याच्यामागे आणखी दोघे होते. आणि त्यांच्यामागे, रिकामी टोपली घेऊन, स्वतः भद्रक.

"मलाही दे तीन अंडी," ते म्हणाले.

ज्या नावलौकिकासाठी रोहक इतकी वर्षे जळत होता तो दारात उभा होता, आणि त्याला मान वर करता येईना. लोक गेल्यावर तो म्हणाला, "दादा, कोंबडा मी मारला."

"माहीत आहे. तुझ्या पागोट्यात त्याचं पीस अडकलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"कोंबडा तर गेलाच होता, वेड्या. भाऊही घालवू?"

त्या वर्षाच्या शेवटी भद्रक तापाने वारले. रोहक फार रडला. कुंपण त्याने उपटून टाकले. पुढे कुणाचीही कोंबडी खुडूक झाली की तो तीन अंडी घेऊन जाई. दादाने पाठवलीत, असे सांगे.

भिक्खूसंघाला ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "ज्येष्ठ भिक्खूंना लोक आधी भिक्षा वाढतात म्हणून मनात जळणारा हा तरुण तिस्स, तोच तेव्हाचा रोहक. मल्लिका म्हणजे त्याला रोज भिक्षा घालणारी ती उपासिका. आणि भद्रक मीच होतो."

तिस्स उठून ज्येष्ठ भिक्खूंच्या पायाशी जाऊन बसला. शास्त्यांनी ज्या गुणासाठी ही कथा सांगितली तो म्हणजे मैत्री, वैर न धरणारा स्नेह.